हौसेला मोल नाही, मग जीपला भाव कसला?

"जुन्या जीपवर घातलेला पैसा कुठं जात नाही." बुलढाणा जिल्ह्यात घाटाखाली मलकापूर-नांदुऱ्याच्या गॅरेजांपासून घाटावर चिखली-मेहकरपर्यंत हे वाक्य इतक्या ठामपणे बोललं जातं, की ते पडताळून पाहावं असं कुणाला वाटत नाही. पैसा कुठं जात नाही म्हणे! जातो. पत्रेवाल्याकडे जातो, पेंटरकडे जातो, टायरच्या दुकानात जातो, अकोल्याच्या नाहीतर थेट दिल्लीच्या स्पेअरपार्टवाल्याकडे जातो, आणि त्यातला बराचसा परतीची वाट धरत नाही. माझं भांडण जीपशी नाही. जुनी गाडी पुन्हा रस्त्यावर आणणाऱ्याशी तर मुळीच नाही. भांडण या एका वाक्याशी आहे. या वाक्याच्या भरवशावर माणसं जीपवर इतका पैसा ओततात की खिसा रिकामा होतो तो होतोच, वर खुद्द गाडीची किंमत घसरते. खर्च वाढला की भाव वाढतो, या समजुतीचा मला प्रतिवाद करायचा आहे. एका मर्यादेपलीकडे खर्च वाढला की भाव उतरतो.

आधी आपल्याकडे 'क्लासिक' म्हणजे काय ते ठरवून घेऊ, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. मोबाइलवर दिसतात त्या राजेरजवाड्यांच्या रोल्स रॉइस आणि पॅकार्ड. वऱ्हाडात त्या नव्हत्याच. १८५३ च्या तहानं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं आणि निजामाची मालकी नावापुरती उरली. संस्थानच नव्हतं, तर संस्थानिकाचा मोटारखाना कुठून असणार? सिंदखेडराजात राजवाडा आहे, पण तो लखुजी जाधवांचा. मोटार जन्मण्याच्या जवळजवळ तीनशे वर्षं आधीचा. आपल्या जिल्ह्यातल्या वाड्यांच्या ढेलजेत, जिनिंगच्या आवारात आणि शेतातल्या गोठ्यात जे सापडतं ते म्हणजे विलीज नाहीतर महिंद्राची जीप, एखादी फियाट, एखादी अ‍ॅम्बेसेडर, राजदूत आणि येझदी. यातही मान जीपचा. कुणी लष्कराच्या लिलावातून घेतलेली, कुणी पंचायत समितीनं मोडीत काढल्यावर उचललेली, कुणाच्या आजोबांनी सरपंचकीच्या काळात कापसाच्या पैशावर आणलेली. राजूरच्या घाटातून धुरळा उडवत चढणारी जीप ही या जिल्ह्यात पन्नास वर्षं सत्तेची खूण होती. तिच्यावर जीव जडतो तो उगाच नाही.

पण जीव जडणं वेगळं आणि जिन्नस दुर्मीळ असणं वेगळं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत सहा लाखांहून जास्त जीपा बनल्या. त्यानंतरचं उंच बॉनेटचं सीजे-३बी हे मॉडेल विलीजनं १९५३ ते १९६८ असं काढलं, आणि तिकडं ते बंद पडल्यावरही महिंद्रानं त्याच साच्यावर इकडं जीपा काढत ठेवल्या. म्हणजे ज्या गाडीला आपण 'आता कुठं मिळते' म्हणतो ती मिळते. जालन्यात मिळते, अमरावतीत मिळते, थोडा धीर धरला तर शेजारच्या गावात मिळते. ज्या मालाला पर्याय आहे त्याचा भाव विकणारा ठरवत नाही. कापूस विकून विकून हाडं झिजलेल्या जिल्ह्याला हे समजावून सांगावं लागतं, हीच मोठी गंमत आहे.

आता हिशेब मांडू. आकडे समजुतीसाठी मी धरलेले आहेत. ज्याचे त्यानं आपले घालावेत. समजा, चालत नसलेली पण कागद असलेली जीप दीड लाखाला घेतली. पत्र्याचं काम एक लाख वीस हजार. रंग साठ हजार. इंजिन नव्वद हजार. गिअरबॉक्स आणि दोन्ही डिफरन्शियल मिळून पन्नास हजार. टायर आणि डिस्क सत्तर हजार. वायरिंग, लाइट, मीटर तीस. सीटा आणि हूड पस्तीस. कागदांना, फिटनेसला, ये-जा करायला पंचवीस. हे झाले चार लाख ऐंशी हजार. मूळ धरून सहा लाख तीस हजार. मिस्त्रीनं सुरुवातीला सांगितलेला आकडा याच्या निम्मा असतो, कारण गाडी उघडल्याशिवाय आतलं दिसत नाही आणि उघडल्यावर झाकता येत नाही. त्याला खोटारडा म्हणू नका. पूर्ण आकडा सांगितला असता तर तुम्ही जीप त्याच्या दारात उभीच केली नसती, हे त्याला तुमच्यापेक्षा आधी कळलेलं असतं.

अशी सजवलेली जीप विकायला काढली की मालक सात लाख सांगतो. सहा तीस खर्च आणि वर्ष-दीड वर्षाच्या फेऱ्यांचे सत्तर हजार, असा त्याचा सरळ हिशेब. घेणाऱ्याच्या डोक्यात मात्र हा हिशेब नसतोच. तो कसा बघतो ते एकदा नीट पाहा. रंगाकडे त्याचं लक्षही जात नाही. तो खिशातून जुन्या स्पीकरमधून काढलेलं चुंबक काढतो आणि मडगार्डच्या कडेकडेनं फिरवतो. चुंबक जिथं धरत नाही तिथं आत पत्रा नाही, पुटी आहे. मग वाकून ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचलतो. जीप उघडी गाडी, पावसाचं पाणी येऊन साचतं ते इथंच, आणि पत्रा सडतो तोही इथंच. नव्या पत्र्याचा तुकडा नुसता वर चिकटवलाय की सडका भाग कापून जोडलाय, हे तो खालून बोटानं चाचपून बघतो. ड्रायव्हरच्या सीटखाली टाकी असते. सीट उचलून पेट्रोलचा वास घेतो. शेवटी चेसिसवरचा नंबर फडक्यानं पुसून, मोबाइलच्या उजेडात, आरसीवरच्या नंबराशी एकेक आकडा जुळवतो. आकड्यांभोवती घासल्याची खूण नाहीतर वेल्डिंगचा ठिपका दिसला, की उठून हात झटकतो आणि म्हणतो, "पाहतो भाऊ, सांगतो." मग त्याचा फोन येत नाही.

या सगळ्यात तुमचे सत्तर हजारांचे टायर त्यानं कुठं मोजले? विकताना ते जुने टायर असतात. साठ हजारांचा रंग? त्याला मुळात वेगळा रंग हवा असतो. मीटर, हॉर्न, स्टीलचं बंपर, डॅशबोर्डवरचा स्पीकर हे सगळं तुमच्या आवडीचं होतं, त्याच्या नाही. तो पैसे देतो ते धड पत्र्याला, एका झटक्यात चालू होणाऱ्या इंजिनाला आणि स्वच्छ कागदाला. त्यातही अर्धेमुर्धे. खामगावच्या चांदीची ख्याती सगळ्या वऱ्हाडात आहे. तिथून हौसेनं ताट-वाटी घडवून आणणाऱ्या बाईलाही ठाऊक असतं, की मोडीला जाताना वजन धरतात, घडणावळ धरत नाहीत. तिनं घडणावळ दिली ती नक्षी आवडली म्हणून, परत मिळेल म्हणून नव्हे. जीपवाल्याची अडचण अशी की त्यानं सगळे पैसे घडणावळीवर घातलेत आणि भाव मात्र तो चांदीचा मागतोय.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "गिऱ्हाईक भेटलं पाह्यजे. शौकीन मानूस किंमत पाहत नाही." शौकीन माणूस किंमत पाहतो, आणि फार बारकाईनं पाहतो. सात लाख रोख देऊ शकणारा बुलढाणा जिल्ह्यातला माणूस आधी महिंद्राच्या शोरूमकडे वळतो. २ ऑक्टोबर २०२० ला नवी थार आली आणि या सगळ्या बाजाराचं गणित तिथंच फिरलं. थारला बँक कर्ज देते, वॉरंटी मिळते, एसी असतो, पावसात मांडीवर पाणी पडत नाही. जुन्या जीपला कुठली बँक दारात उभं करते? घेणाऱ्याला सगळी रक्कम रोख मोजावी लागते. विकणाऱ्यानंही बहुतेकदा सोनं तारण ठेवून नाहीतर सोयाबीनच्या पैशातूनच खर्च केलेला असतो, कारण त्यालाही कुणी कर्ज दिलेलं नसतं. हप्त्यानं मिळणारी नवी गाडी समोर असताना रोखीनं जुनी घेणारा माणूस विरळा, आणि जो विरळा असतो तो घाईत नसतो. घाईत असतो तो विकणारा. भाव तिथंच पडतो.

दुसरं उत्तर जास्त झोकात दिलं जातं, "परदेशात जुन्या गाड्या कोटींनी जातात." जातात. २०२२ च्या मे महिन्यात १९५५ ची एक मर्सिडीज ३०० एसएलआर साडेतेरा कोटी युरोंना विकली गेली. तशा गाड्या जगात दोनच होत्या. तुमची जीप त्या दोनांतली तिसरी असेल तर मी शब्द मागं घेतो. पण मला त्याहून बोलकी वाटते ती २०१५ च्या फेब्रुवारीतली पॅरिसची विक्री. फ्रान्समधल्या एका कुटुंबाच्या शेडमध्ये कित्येक वर्षं सडत पडलेल्या साठेक गाड्या सापडल्या होत्या. रॉजे बायोँ नावाच्या गृहस्थानं त्या जमवलेल्या. त्यांतल्या एका फेरारी कॅलिफोर्निया स्पायडरवर जुन्या मासिकांचे ढिगारे रचलेले होते. ती गाडी धूळ न झटकता लिलावात उभी केली आणि एक कोटी साठ लाख युरोंच्या वर गेली. म्हणजे ज्या परदेशी बाजाराचे दाखले देऊन आपण लाखोंचा रंग मारतो, तिथल्या घेणाऱ्यानं पैसे मोजले ते न लावलेल्या हाताला. गाडी कुणाची होती, कधीपासून उभी होती, तिच्यातलं काय काय मूळचं आहे, या गोष्टींना. आपल्याकडे गाडी सापडली की पहिल्याच दिवशी मूळच्या डायनॅमोपासून मीटरपर्यंत सगळं काढून भंगारात टाकतात आणि चकचकीत बाजारू माल बसवतात. मग परदेशी लिलावाचे आकडे सांगत बसतात.

इथं मुद्द्याचं बोलायचं तर, भाव उतरवणारा खर्च बहुतेक वेळा असाच असतो: जिथं दुरुस्ती पुरली असती तिथं बदल केलेला. मूळचं पेट्रोल इंजिन ओव्हरऑल करून चाललं असतं, पण 'अ‍ॅव्हरेज देत नाही' म्हणून बोलेरोचं डीआय इंजिन बसवतात. त्या इंजिनाच्या जोरासाठी गिअरबॉक्स बदलतात, त्यासाठी चेसिसवर नवे ब्रॅकेट मारतात, रेडिएटर पुढं सरकवतात, मग ब्रेक कमी पडतात म्हणून तेही बदलतात. प्रत्येक पायरीवर पैसा आणि प्रत्येक पायरीवर मूळ जीप थोडी थोडी नाहीशी. वर रुंद टायर, छतावर लाइटांची पट्टी, मॅट काळा रंग. हरियाणातल्या मंडी डबवालीच्या जीपांची चित्रं दाखवून मिस्त्रीला 'अस्सं पाह्यजे' म्हणतात. ज्याला अशी गाडी हवी असते तो स्वतःच्या आवडीची बांधून घेतो. तुमच्या आवडीची विकत घेत नाही. ज्याला जुनी जीप हवी असते त्याच्या लेखी ही जीप संपलेली असते. दोन्हीकडचं गिऱ्हाईक गेलं, आणि त्यासाठी पैसे मोजले तुम्ही.

कायदाही याच बाजूनं उभा आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की गाडी बनवणाऱ्यानं ठरवलेला आराखडा आणि आरसीवरचा तपशील यांपासून गाडी हटेल असा बदल मालकानं करायचा नाही. इंजिन बदलायचं तर परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. सर्वोच्च न्यायालयानंही २०१९ च्या जानेवारीत याच कलमावर स्पष्ट निकाल दिला. आता आरसीवर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल अशी जीप घेणाऱ्यानं का घ्यावी? फिटनेसला ती अडणार, अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारणार. डीआय इंजिनाला घातलेला लाख-सव्वालाख असा विकताना उणे होऊन बसतो.

आणि २०२१ च्या जुलैमध्ये केंद्रानं जुन्या गाड्यांसाठी खास दार उघडलं, तेही आपण आपल्या हातानं लावून घेतो. पन्नास वर्षांवरची दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, वीस हजार फी आणि दहा वर्षांची नोंदणी. अट काय? गाडी मूळ रूपात राखलेली हवी. चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. १९६० च्या दशकातली जीप या नियमात चपखल बसते. पुण्या-मुंबईच्या संग्राहकाला ती नोंदणी हवीच असते, कारण त्याच्या लेखी तो गाडीच्या अस्सलपणाचा दाखला. पण ज्या जीपवर सगळ्यात जास्त पैसा ओतलाय नेमकी तीच या नियमातून बाहेर पडते. शेजारच्या गोठ्यात धूळ खात पडलेली, कुणी हात न लावलेली गंजकी जीप आत बसते. दोन्हींपैकी संग्राहकानं फोन कुठल्या मालकाला करावा?

"मग विकू नका, भाड्यानं लावा. लग्नाला नवरदेव जीपमधून निघतो, प्रीवेडिंगचं शूटिंग लोणारला होतं, पैसा वसूल." हा सल्ला देणाऱ्यांनी एकदा नंबरप्लेटचा रंग पाहावा. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी भाड्यानं देता येत नाही. आणि व्हिंटेज नोंदणी घेतली तर नियमातच लिहिलंय, की ही गाडी नेहमीच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला नेणं, इतकंच. लोक करतात, हे मलाही दिसतं. पण वरातीत नाचणारं पोरगं बॉनेटवरून पडलं तर विम्याचा कागद कोण पुढं करणार, हे आधी ठरवून ठेवा.

विम्याचं निघालंच आहे तर तेही. पाच वर्षांवरच्या गाडीची विम्यातली किंमत मालक आणि कंपनी यांनी आपसांत ठरवायची असते. ठरवतं कोण? बहुतेक जीपवाले थर्ड पार्टीचा कागद घेऊन मोकळे होतात. म्हणजे वायरिंग शॉर्ट होऊन जीप पेटली, आणि जुन्या गाडीत नवं वायरिंग घाईनं ओढलं की ते होतंच, तर सहा लाखांतला एक रुपयाही हाती लागत नाही. 'गुंतवणूक' म्हणवणाऱ्या वस्तूचा विमा कुणी उतरवत नाही, यातच तिच्यावर मालकाचा स्वतःचा किती विश्वास आहे ते कळतं. आयकराच्या कायद्यातही घरच्या वापराची मोटार वैयक्तिक वस्तूंत जाते. ती विकून तोटा आला तरी तो दुसऱ्या कुठल्या नफ्यातून वळता करता येत नाही. सरकारच तिला गुंतवणूक मानत नाही.

फियाटवाल्यांनी हे वाचून हसायचं कारण नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईची शेवटची पद्मिनी (म्हणजे फियाटच) टॅक्सी वयोमर्यादेमुळं थांबली, वर्तमानपत्रांनी रकाने भरून हळहळ केली, आणि गावोगाव पडून असलेल्या फियाटींचे मालक एका आठवड्यात जागे झाले. हळहळणारे पुष्कळ होते, पण हळहळीचा चेक वटत नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून २००० च्या आसपासपर्यंत जवळजवळ एकाच साच्यातली गाडी निघत राहिली. इतका माल असला की चांगल्यातलं चांगलं तेवढं विकलं जातं आणि बाकीचं भाव ऐकून घेतं. त्यामानानं डुक्कर फियाट किंवा पहिल्या मालकाच्याच घरी राहिलेली गाडी बरी. दुचाकींचं वेगळं आहे. आरएक्स-१०० किंवा राजदूतवर घालून घालून किती घालणार? तिथं खर्चच आवाक्यात राहतो, म्हणून तोटाही.

पैसा घालायचाच तर कशावर, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर कुणाला आवडत नाही: कागदावर. आपल्याकडच्या जुन्या जीपा स्टँपवर हात बदलत आलेल्या असतात. पूर्वी शंभराच्या, आता पाचशेच्या. आरसीवर नाव असतं वारलेल्या पहिल्या मालकाचं, त्याची पोरं एक पुण्यात, एक सुरतेत, आणि मधले तिघं-चौघं मालक कुठल्याच सरकारी कागदावर नाहीत. एमएच-२८ येण्याआधीच्या, म्हणजे १९८९ पूर्वीच्या जुन्या अक्षरांच्या नंबराची गाडी असेल तर तिची नोंद कॉम्प्युटरवर आलीय का हेच आधी शोधावं लागतं. वारसांच्या सह्या, जुन्या रजिस्टरातला उतारा, बॅकलॉग एंट्री, थकलेला पर्यावरण कर, नूतनीकरणाची फी. तीही २०२५ च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या मोटारीला दहा हजार झाली. या कामाला महिने लागतात, फोटोत ते दिसत नाही आणि त्यावर कुणी 'वा' म्हणत नाही. म्हणून ते सगळ्यात शेवटी ठेवतात, आणि रंग सुकल्यावर कळतं की पुण्यातला मुलगा सही करायला वाटा मागतोय. सजलेली जीप पाहिल्यावर तो वाटाही वाढवून मागतो. आधी गेला असतात तर गंजक्या पत्र्याकडे बघून चहावर सही मिळाली असती.

कागदानंतर ब्रेक, स्टिअरिंग आणि पायाखालचा पत्रा. बोथ्याचा घाट उतरायचा असेल तर हे असंही करावंच लागतं आणि घेणारा याचे पैसे कुरकुरत का होईना देतो. बाकी सगळं आपल्या सुखासाठी.

आणि सुखासाठी करायला माझी ना नाहीच. हौसेला मोल नाही असं आपल्याकडे म्हणतात, ते खरंच आहे. ज्याच्या आजोबांची जीप आहे त्यानं तिच्यावर दहा लाख घालावेत. त्या पैशातून पत्रा हातानं ठोकून गोलाई काढणारा एखादा म्हातारा मिस्त्री चार महिने जेवला, तर ते मला शेअरबाजारात बुडालेल्या पैशापेक्षा चांगलं वाटतं. असे हात आता कमी राहिलेत, आणि त्यांना काम देणारे हेच वेडे लोक आहेत. माझा आक्षेप एवढाच, की एकाच तोंडानं दोन गोष्टी बोलू नयेत. घरात खर्चाचं कारण विचारलं की 'वसूल होतंय, आज काढली तरी सात लाख येतील', आणि विकताना गिऱ्हाईकानं चार म्हटलं की 'हौसेला मोल नसतं भाऊ'. बायकोला गुंतवणूक म्हणून सांगायचं आणि गिऱ्हाईकाला हौस म्हणून. हौस असेल तर दहा लाख गेले म्हणायचं आणि जीपमध्ये बसून शेगावला जाऊन यायचं. धंदा असेल तर विकायच्या किमतीपासून मागं मोजत यायचं: ही जीप बाजारात चारला जाणार, दीडला घेतली, कागदाला पंचवीस हजार, मला पन्नास हजार सुटले पाहिजेत, म्हणजे कामाला उरले पावणेदोन लाख. त्यात रंग बसत नसेल तर रंग नाही. जुन्या गाड्यांच्या धंद्यात टिकलेले लोक हेच करतात. म्हणून त्यांच्या दारातल्या गाड्या फोटोत तितक्या देखण्या दिसत नाहीत.

शेवटचा आरोप माझ्यावर नेहमी होतो: 'तुमच्यासारख्यांचं ऐकलं तर सगळ्या जुन्या गाड्या भंगारात जातील.' भंगारात कुठल्या गाड्या जातात ते पाहा. चालत्या, साध्या, आजोबांच्याच रंगातल्या जीपा भंगारात जात नाहीत. त्यांना कुणी ना कुणी शेतात तरी वापरतं. भंगारात जातात त्या अर्ध्यावर सोडलेल्या. मोठा बेत आखून बॉडी चेसिसवरून उतरवलेली, इंजिन एका गॅरेजात, गिअरबॉक्स दुसऱ्या, बॉडी प्रायमर मारून तिसऱ्याच्या मागच्या अंगणात. बेत साडेचार लाखांचा होता आणि पैसे अडीचला संपले. दोन पावसाळे गेले की प्रायमरखालून गंज वर येतो, नट-बोल्टांचा डबा हरवतो, हेडलाइटची रिंग दुसऱ्याच्या जीपला लागते, मिस्त्री जागा मोकळी करा म्हणून मागं लागतो. अशी जीप विकायला निघाली तर जी दीड लाखाला घेतली होती तिचे सत्तर हजारही येत नाहीत, कारण घेणाऱ्याला काय काय कमी आहे हेच मोजता येत नाही. तो तिला किलोवर मागतो. जिल्ह्यातल्या अशा उघडून ठेवलेल्या जीपांच्या मालकांना विचारा: काम सुरू करताना तुमच्याकडे पैसे किती होते, आणि 'पैसा कुठं जात नाही' हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं?